तीन दिवसात पेपर छापून देतो म्हणतात, पाठवू का?

प्रश्न: सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, पीएचडी चालू आहे. गुलाबी बोंडअळीवर संशोधनाचा पेपर लिहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, दोन हजार भरा, तीन दिवसात छापतो, आयएसएसएन नंबर पण आहे म्हणे. पाठवू का?

उत्तर: नका पाठवू ताई. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा फक्त ओळख नंबर, दर्जाचा शिक्का नाही. आणि तीन दिवसात पेपर वाचणार कोण, खरा रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी, म्हटला की महिने जातात, शेरे येतात, दुरुस्त्या कराव्या लागतात. मला पैशापेक्षा दुसरीच भीती वाटते, तुम्ही वावरावावरात उन्हातान्हात फिरून माहिती गोळा केली असेल अन् तो पेपर एकदा तिथं छापला की चांगलं जर्नल तोच पुन्हा घेत नाही, मागे घ्यायला गेलं तर असे लोक उलट पैसे मागतात. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली होती, नंतर आलेली मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे आता पारख आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या एकदोघांना थेट मेल करा, कधीकधी त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. अन् घाई कशाची, पीएचडीसाठी पेपरची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली आहे, तुमच्या विद्यापीठाचं काय ते गाईडला विचारून घ्या.