ताज्या कानांचा तास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘दिवसभर वाद्यांच्या खोलीतच असतो आणि रात्री हिशेब करायला बसलं की रियाज झालेलाच नसतो,’ या तुझ्या वाक्यापाशी मी थांबले. पदव्युत्तर वर्गात तालवाद्यं शिकायला आलेली मुलं पहिल्या सत्रात बहुतेक हेच म्हणतात, आणि त्यावरून स्वतःला आळशी ठरवतात. तू तसं करू नकोस. व्हायोलिन शिकणारा तुझा वर्गमित्र पेटी उघडतो, तारा जुळवतो आणि पाच मिनिटांत वाजवायला लागतो. तुला आधी खोलीची किल्ली मिळवायची असते. मग कुणीतरी भिंतीला लावून ठेवलेला मरिंबा, लाकडी पट्ट्यांचं ते लांबलचक वाद्य, ओढून बाहेर काढायचा, स्टँड हुडकायचे, ज्या ड्रमचा पाय ढिला झालाय तो कसायचा. पहिला ठोका पडेपर्यंत पाऊण तास सहज जातो. ही कामं आपल्याला चुकत नाहीत. पण ती दिवसाच्या कुठल्या वेळी करायची, हे बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे.

म्हणून तास मोजणं सोड आणि कान ताजे असतात ती वेळ ओळख. प्रत्येकाची ही वेळ वेगळी असते, पण बहुतेकांची सकाळची असते. त्या वेळात ना स्टँड हलवायचे, ना फोनला उत्तरं द्यायची. मांडामांड आदल्या रात्री उरकायची. रात्री थकलेल्या हातांना ओझं उचलता येतं, पण थकलेल्या कानाला स्नेअर ड्रमवरचा रोल, म्हणजे काठ्यांचे सलग जलद आघात, एकसंध आहे की फाटलेला, हे कळत नाही. तुझ्या विभागात खोल्यांची वाटणी कशी होते मला माहीत नाही. सकाळची वेळ सगळ्यांनाच हवी असणार. तरी आठवड्यातून तीन सकाळी हक्काच्या मिळव, त्यासाठी संध्याकाळचे तास दुसऱ्याला द्यावे लागले तरी दे.

त्या पहिल्या तासात काय करायचं? सगळ्यात अवघड आणि सगळ्यात हळू वाजणारं काम. मरिंबाचंच घे. पाच सप्तकांचं हे वाद्य अडीच मीटरहून लांब असतं. त्याच्या खालच्या पट्ट्या रुंद आणि वरच्या अरुंद असतात. पियानोवर एका सप्तकाचं अंतर कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं. इथे खर्जात मॅलेट, म्हणजे हातातल्या बोंडाच्या काठ्या, जितक्या फाकवाव्या लागतात तितक्या वर गेल्यावर लागत नाहीत. त्यात तुझी बोटं वाद्याला कधी लागतच नाहीत, लागतं ते काठीच्या टोकाचं सुताचं बोंड. म्हणजे स्पर्शाने जागा ओळखायची सोय नाही. डोळे पट्ट्यांवरच हवेत, ते कागदावर ठेवून चालत नाही. म्हणून मरिंबाच्या रचना लवकर पाठ कराव्या लागतात. पाठ असलेलं लोकांना छान दिसतं खरं, पण आपलं कारण वेगळं आहे.

एक छोटासा रियाज करून पाहा. तुझ्या रचनेतली एखादी जागा निवड, जिथे डाव्या हातातल्या दोन मॅलेटमध्ये सा आणि म इतकं अंतर आहे आणि पुढच्याच ठोक्याला ते सा आणि ध इतकं व्हायचंय. वाजवू नकोस. नुसतं अंतर बदल, मॅलेट पट्ट्यांच्या अगदी वर आणून थांबव आणि बघ. दोन्ही टोकं योग्य पट्टीवर आहेत का? पट्टीच्या मधोमध किंवा अगदी कडेला आहेत, की जिथून दोरी ओवलेली असते त्या जागेवर? त्या जागेवर पट्टी कंप पावत नाही, आवाज मेल्यासारखा येतो. हाताने जागा बरोबर पकडली की मग वाजव, तेही हळुवार. दहा मिनिटं असं केलंस तर नंतरचा तासभराचा आडदांड सराव वाचेल. आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मरिंबांच्या पट्ट्यांची रुंदी सारखी नसते, हे लक्षात ठेव. कार्यक्रम ज्या वाद्यावर होणार आहे त्यावर काही दिवस आधी हात फिरवून आला नाहीस, तर पाठ असलेल्या जागाही चुकतील.

चार मॅलेट कशा धरायच्या यावरच्या भांडणात मात्र पडू नकोस. गॅरी बर्टनची पकड असो, ली हॉवर्ड स्टीव्हन्सची असो की काठ्या एकमेकींवर आडव्या धरायची जुनी पद्धत, उत्तम वादक सगळ्यांतून निघालेत. तुझ्या शिक्षकांची आहे ती नीट शिक.

आता ऑर्केस्ट्रातल्या उताऱ्यांबद्दल. ऑडिशनच्या यादीत काय असतं ते तुला ठाऊक आहेच: रावेलचं ‘बोलेरो’, रिम्स्की-कोर्साकोव्हचं ‘शेहेराझाद’, झायलोफोनसाठी गर्शविनच्या ‘पोर्गी अँड बेस’ची सुरुवात, ग्लॉकेनश्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी द्युकासचं ‘द सॉर्सरर्स अप्रेंटिस’. मुलं हे उतारे सलग दोन तास घासतात आणि शेवटच्या फेरीला बरे वाजले की खूश होऊन घरी जातात. ऑडिशनमध्ये तुला शेवटची फेरी मिळत नाही. पडद्याआड बसलेल्या माणसांना तुझा पहिलाच प्रयत्न ऐकू येतो, आणि तो आवडला नाही तर काही मिनिटांतच ‘धन्यवाद’ असा आवाज येतो. म्हणून उतारे दिवसभरात विखरून वाजव, हात गरम न करता. जेवून आल्यावर एक, वर्गातून आल्यावर एक, जायच्या आधी एक. प्रत्येक एकदाच, फोनवर रेकॉर्ड करून. लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक, ताज्या कानांनी. आदल्या दिवशी जे ‘जमलं’ वाटलं होतं, त्यात लय कुठे पळाली ते आपोआप ऐकू येईल.

‘बोलेरो’चं सांगायचं तर त्यात स्नेअरचा दोन मात्रागटांचा, चोवीस आघातांचा एकच साचा आहे. तो जवळजवळ पाव तास फिरत राहतो, सुरुवातीला ऐकू येईल न येईल इतका बारीक. वाचायला तो कुणालाही येतो. अवघड आहे ती काठीची उंची. सुरुवातीला टोक कातड्यापासून बोटभरही वर जाता कामा नये, आणि तिथे, त्या एवढ्याशा उंचीत, तीन जलद आघात आणि त्यानंतरचा एक सुटा आघात यांचं वजन सारखं राहायला हवं. आरशासमोर उभा राहून नुसती टोकं बघ. उजवं टोक डाव्यापेक्षा वर जात असेल तर डोळ्याला आधी दिसेल, मग कानाला कळेल. आणि हे कंटाळवाणं आहे असं तुझं तुला वाटायला लागलं, तर त्या दिवसापुरतं थांब. कंटाळलेल्या हातांनी वाजवलेलं ‘बोलेरो’ त्या हातांना चुकीचंच शिकवतं.

टिंपनीला, म्हणजे पेडलने सूर बदलता येणाऱ्या मोठ्या ड्रमना, तर वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि तो ठोक्यांपेक्षा सूर लावण्यासाठी. सगळा ऑर्केस्ट्रा एका सुरावलीत गर्जत असताना तुला पुढच्या भागासाठी दुसरा सूर लावून ठेवायचा असतो. कातड्याजवळ कान ने, बोटाने हळूच टिचकी मार, हवा तो सूर ओठांतल्या ओठांत गुणगुण. पेडल नेहमी खालून वर आण. वरून खाली सोडलेला सूर टिकेलच असं नाही. सूर दाखवणाऱ्या काट्यावर बघून लावणं सोपं वाटतं, पण खोलीतली हवा बदलली की काटा आणि कातडं यांची फारकत होते. रोज दहा मिनिटं, रेडिओवर काहीही चालू ठेवून, त्यातला नसलेला सूर टिंपनीवर लावायचा प्रयत्न कर. टिंपनीवादकाची परीक्षा याच कामात होते असं मला मनापासून वाटतं, आणि याचा रियाज करणारे फार थोडे दिसतात.

एकाच वादकाने पुष्कळ वाद्यं वाजवायच्या रचनांबद्दल तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस. झेनाकिस या संगीतकाराच्या ‘प्साफा’साठी आवाज गोळा करण्यात महिना गेला म्हणतोस. अरे, ती रचना तुझ्याकडून हेच मागते. त्याने १९७५ साली ती लिहिली तेव्हा वाद्यांची नावं दिलीच नाहीत, कातडं किंवा लाकूड आणि धातू असे गट आखून दिले आणि निवड वादकावर सोपवली. म्हणजे लोखंडाचे तुकडे वाजवून बघत फिरलास तो महिना वाया गेलेला नाही. तो महिना तू संगीतकाराच्या जागी उभा राहून ऐकत होतास. फक्त एक कर: मांडणी एकदा जमली की जाजमावर प्रत्येक स्टँडच्या पायाची जागा रंगीत चिकटपट्टीने आख, उंची मोजून लिहून ठेव, चार बाजूंनी फोटो काढ. दुसऱ्या दिवशी एक ड्रम चार बोटं उजवीकडे सरकलेला असेल तर हात कालच्याच जागी जाणार आणि तुला वाटणार की आपण विसरलो.

कानांची आणि हातांची काळजी घे, यात मी अजिबात सवलत देणार नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपर्यंत राहता येतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला १ तास, १०० ला १५ मिनिटं. लहान खोलीत जोरात वाजवलेला स्नेअर ही मर्यादा फार लवकर ओलांडतो. संगीतकारांसाठी खास बनवलेले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे नाद बोथट होत नाही. ते घे आणि रोज वापर, एकट्याने सराव करतानाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मनगट दुखायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी थांबायचं आणि शिक्षकांना सांगायचं. दुखणं लपवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना गप्प बसायला लावणारं वातावरणही पाहिलं आहे. तू त्या वातावरणाला बळी पडू नकोस.

ऑर्केस्ट्राच्या तालमीत तुला कधी कधी दोन तासांत फक्त ट्रँगल मिळतो, म्हणून तू नाराज आहेस. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांज एकदाच वाजते, चौथ्या भागात, आणि तीही दणक्यात नव्हे. तो एक ठोका येईपर्यंत वादक काय करतो, तर ऐकतो. कोण कुठे श्वास घेतंय, क्लॅरिनेट कुठल्या रंगात येतंय, आणि आपला आवाज त्यात कुठे बसणार. तालमीला निघण्यापूर्वी पूर्ण स्वरलेखन वाचून जा, नुसती आपली ओळ नको. मग विरामातल्या मात्रा बोटांवर मोजाव्या लागणार नाहीत, संगीतच तुला आत आणून सोडेल. तीन ट्रँगल आणि पाच-सहा काड्या घेऊन जा, संचालकाने ‘जरा उजळ’ म्हटलं तर बदलता यायला हव्यात.

सेमिनार, निबंध, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे तास, पैशांसाठी घेतलेले कार्यक्रम, हे सगळं वेळ खातं. शिकवण्यात कसूर करू नकोस. काठी कशी धरायची हे दुसऱ्याला शब्दांत सांगताना आपलीच पकड स्वच्छ होते. बाहेरचे कार्यक्रम घे, पण रिसायटलच्या, म्हणजे तुझ्या एकल मैफलीच्या, आधीचे दोन आठवडे मोकळे ठेव.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्याहून जास्त मोलाची वाटते. आपल्या मैफलीचं साहित्य अजून कोवळं आहे. वारेझचं ‘आयोनिझासिओं’ १३ वादकांनी न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजवलं ते १९३३ साली. केजचं ‘थर्ड कन्स्ट्रक्शन’ १९४१ चं, स्टीव्ह राइशचं ‘ड्रमिंग’ १९७१ मध्ये पूर्ण झालेलं. पियानोवाल्यांना शतकांचा वारसा मिळाला, आपल्याला आपला अजून लिहून घ्यायचा आहे. तुझ्या इमारतीत रचना शिकणारी मुलं आहेत, त्यांना खोलीत बोलव. व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्टीवर व्हायोलिनसारखा गज फिरवून दाखव, झांज पाण्यात बुडवल्यावर स्वर कसा खाली सरकतो ते ऐकव, मॅलेट बदलल्या की तीच पट्टी कशी दुसरं बोलते ते ऐकव. त्यांतल्या एखाद्याने तुझ्यासाठी पाच मिनिटांची रचना लिहिली तर ती नीट शिक, नीट वाजव, आणि जे वाजत नाही ते त्याला प्रेमाने सांग. चौघे मिळून एक गट करा आणि आठवड्याची एक संध्याकाळ त्यासाठी राखा, श्रेयांक मिळोत वा न मिळोत.

रिसायटलच्या क्रमाबद्दल विचारलंस. झेनाकिसचं ‘रेबाँ’ मध्यंतराच्या लगेच आधी ठेव. त्याचे दोन भाग कोणत्या क्रमाने वाजवायचे ते वादकाने ठरवायचं असतं, तुला कुठला शेवट झेपतो ते पाहून ठरव. त्यानंतर हात थरथरतात, म्हणून त्याच्या पाठोपाठ मरिंबाचा संथ भाग घेऊ नकोस. तो सगळ्यात आधी, कान आणि हात दोन्ही शांत असताना. ड्रमची मांडणी रंगमंचाच्या एका बाजूला आणि मरिंबा दुसऱ्या बाजूला ठेवलास तर मध्ये हलवाहलव फारशी उरणार नाही. कागदावर रंगमंचाचा नकाशा काढ, कुठलं वाद्य कुठल्या दारातून येणार आणि कोण उचलणार ते त्यावर लिही, आणि मला पाठव. दारांची रुंदीही मोजून ये.

सस्नेह आशीर्वाद.