नाशिकमध्ये घर घेऊन ते पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं द्यायचं आणि पुण्यात बसून स्वतःच सांभाळायचं, हे जमतं का? परतावा किती मिळतो?

पुण्यात बसून तुम्ही फोन सांभाळाल. घर नाशिकमधलं कुणीतरी सांभाळेल. तुमच्या प्रश्नात त्या कुणीतरीचा पत्ताच नाही, म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे ती कुणीतरी मी आहे.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या आईवडिलांचं रो हाऊस आहे. दोघंही गेल्यावर ते माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आलं. तो पुण्यात आयटीत, मी शाळेतून निवृत्त होऊन इंदिरानगरला. रिकामं घर पडून राहतं, म्हणून त्यानं फोटो काढून ते अ‍ॅपवर टाकलं. "ताई, तुला काही करायचं नाही. मी सगळं फोनवरून बघेन, तू फक्त किल्ली दे." हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

एक रविवार सांगते, म्हणजे काय ते कळेल. फेब्रुवारी. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च, तेव्हा मुंबईकर वाइनरी बघायला लोंढ्यानं येतात आणि शनिवार-रविवारचा दर सगळ्यात वर असतो. पण त्याच दिवसांत आमच्या कामवाल्या मावशी तोडणीला जातात. त्या मखमलाबादच्या. बागेतली रोजंदारी आमच्या साफसफाईपेक्षा जास्त, मग त्यांनी का थांबावं? ज्या महिन्यांत बुकिंग सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत माणूस मिळत नाही, हे पुण्यातून दिसत नाही.

त्या रविवारी सकाळी अकराला जायचा मुंबईचा ग्रुप रात्री साडेअकराला गेला. भावानं त्यांना हजार रुपये जादा घेऊन थांबू दिलं होतं. मला विचारलं नव्हतं. आणि रात्री अकराच्या सुमारास त्याचा मेसेज आला: "उद्या सकाळी साडेसहाला लातूरचे सात जण येतायत. त्र्यंबकला त्रिपिंडी श्राद्धासाठी. शुद्ध शाकाहारी किचन हवं म्हणतायत. मी हो म्हटलंय."

मी हो म्हटलंय!

पहाटे साडेचारला स्कूटर काढली. नाशिकची फेब्रुवारीची पहाट, हात गोठलेले. दार उघडलं तर कुकरमध्ये मटणाचा खरवडलेला रस्सा, सिंकमध्ये हाडं अडकून पाणी तुंबलेलं, गॅसच्या शेगडीखाली तेलकट थर, बेडरूममधल्या पांढऱ्या चादरीवर रेड वाइन. (पांढऱ्या चादरी हा भावाचा हट्ट, फोटोत छान दिसतात म्हणून.) घंटागाडी येते नऊला. पाहुणे साडेसहाला. म्हणजे हाडं आणि बाटल्या घरात ठेवता येणार नाहीत. सगळं एका गोणीत भरलं, गोणी स्कूटरवर पायाशी ठेवली आणि घरी न्यायला निघाले. कोपऱ्यावर फिरायला निघालेले आमच्या शाळेचे जुने सहकारी भेटले. "काय मॅडम, इतक्या पहाटे?" मी म्हटलं, "रद्दी." तेवढ्यात खड्डा आला आणि रद्दी किणकिणली. ते काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत, म्हणजे त्यांना कळलं.

घरून माझी स्वतःची दोन पातेली, कुकर, तवा आणि उलथनं घेऊन परत आले. सिंक मोकळं केलं, ओटा सोड्यानं तीनदा घासला. सहा पंचविसाला गाडी दारात. त्यांच्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. चहासुद्धा न घेता त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि विचारलं, "बाई, खरं सांग. या भांड्यांत कधी मांसाहार झालाय का?"

भावानं "हो" म्हटलेलं होतं. मी म्हटलं, "आजी, इथल्या भांड्यांत झालाय. काल रात्रीच. म्हणून मी माझ्या घरची आणलीत, ही घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, शेगडीवर पाणी शिंपडलं आणि तांदूळ धुवायला घेतले. जाताना माझ्या हातावर दोन लाडू ठेवून गेल्या.

त्यांच्या मुलानं तीन स्टार दिले. "घर चांगलं, पण त्र्यंबकपासून लांब." अठ्ठावीस-तीस किलोमीटर आहे, ते काय मी जवळ आणायचं? त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. वाटलं विचारेल, ताई कसं केलंस. तो म्हणाला, "ताई, तीन स्टार का आले? तू काही बोललीस का त्यांना?" दोन महिने आम्ही बोललो नाही.

त्या दोन महिन्यांत मी वहीत हिशोब मांडला. तुमच्या परताव्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. वर्षात ९२ रात्री गेल्या, त्यातल्या बहुतेक शनिवार-रविवारच्या. आले ४ लाख ४० हजार. अ‍ॅपचं कमिशन, साफसफाई, लाँड्री, वीज, वायफाय, दुरुस्ती, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून गेले १ लाख ७० हजार. उरले २ लाख ७० हजार. हेच घर एखाद्या कुटुंबाला महिना २० हजारांनी दिलं असतं तर काहीही न करता २ लाख ४० हजार आले असते. म्हणजे या सगळ्या खटाटोपाची कमाई वर्षाला ३० हजार. माझ्या स्कूटरच्या फेऱ्या झाल्या १४०. फेरीला २१४ रुपये, पेट्रोल त्यातच. आणि नफा निम्मा-निम्मा, म्हणजे माझ्या वाट्याला फेरीमागे १०७. तेवढ्यात मी कुणाची हाडंही उचलणार नाही.

आणि आमचं घर तर वारशाचं. तुम्ही विकत घेणार. समजा ६० लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, तर हप्ता महिना ५२ हजार. वर्षाला सव्वासहा लाख. वरचे २ लाख ७० हजार त्यात कुठं पुरणार ते तुम्हीच बघा. कुंभाचं कुणी सांगत असेल तर सांगू द्या. २०१५ नंतर आता सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या काही आठवड्यांत गोठासुद्धा भाड्यानं जाईल. पण कर्ज वीस वर्षांचं आणि कुंभ बारा वर्षांनी एकदा.

फार्महाऊसच्या नादी लागणार असाल तर तुमचं नाव सातबाऱ्यावर कुठंतरी आहे का ते आधी बघा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला "एनए (बिगरशेती) होणारच आहे" असं सांगून प्लॉट दाखवणारे पुष्कळ भेटतील. बिगरशेती झाल्याचा कागद दाखवा म्हणावं. फ्लॅट घेणार असाल तर दिवसाच्या भाड्याला चालेल असं सोसायटीचं पत्र आधी, टोकन नंतर. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. जीएसटीचं मात्र उगाच भूत करू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी केलेली नसेल, तर अ‍ॅपवरच्या बुकिंगचा कर अ‍ॅपच भरतं.

पावसाळाही लोक समजतात तेवढा सोपा नाही. जुलैत धबधबे बघायला झुंबड असते, पण गोदेला पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेला पाणी लागलं की टीव्हीवर तेवढंच दाखवतात आणि आमच्याकडे, जिथं रस्ताही ओला नसतो, तिथली बुकिंगं रद्द होतात.

आता मूळ मुद्दा. अबोला सुटल्यावर मी भावाला सांगितलं, घरावर जो हजर असेल त्याला एकूण आलेल्या पैशातले आधी १५ टक्के, मग खर्च, मग निम्मं-निम्मं. तो म्हणाला, "नात्यात पगार?" यानंच त्याआधी एका मॅनेजमेंट कंपनीशी बोलणी केली होती, ते २५ टक्के मागत होते आणि याला ते "रीझनेबल" वाटले होते. परक्याला पंचवीस द्यायला तयार आणि बहिणीला पंधरा दिले की नात्यात हिशोब आला! स्मार्ट लॉक लाव म्हणतो. लावला. आता किल्ली द्यायला जावं लागत नाही, लॉकची बॅटरी उतरली की जावं लागतं.

त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. दर कधी वाढवायचा, कधी उतरवायचा हे त्याला नेमकं कळतं, माझ्या हातात असतं तर मी वर्षभर एकच दर ठेवला असता. रात्री दोनला पाहुण्यांच्या मेसेजला उत्तरं तोच देतो. आणि माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं उत्तम चाललंय, पण ते त्याच बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते "पॅसिव्ह इन्कम" म्हणत नाहीत, धंदा म्हणतात.

तरीही घ्यायचंच असेल तर जागा बघायला शनिवारी येऊ नका, त्या दिवशी सगळीकडे गाड्या दिसतात. एखाद्या बुधवारी या आणि आसपासच्या किती घरांत दिवे लागलेत ते मोजा.

पंधरा टक्क्यांवर भावाचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा त्यानं जुलैचे सगळे शनिवार-रविवार अ‍ॅपवर उघडले आणि मला विचारलं, "ताई, चालेल ना?" मी अजून हो म्हटलेलं नाही.