ओढ्याकाठची झाडी काढावी का? गव्यांची वाट, बदलता पाऊस आणि आपला ऊस

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, चंदगड, शाहूवाडी आणि हातकणंगले तालुक्यांतील शेतकऱ्यांनी गेल्या काही आठवड्यांत विचारलेल्या प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न (राधानगरी) : आमचा अडीच एकर ऊस ओढ्याला लागून आहे. गेले दोन उन्हाळे गवे ओढ्यातूनच येतात. शेजारचे शेतकरी जेसीबी लावून काठची झाडी काढणार आहेत आणि ओढा सरळ करणार आहेत. आम्हीही काढावी का?

उत्तर : काढू नये. याचे कारण सविस्तर सांगतो, कारण काठचे उंबर आणि जांभूळ एकदा उखडले की ते पुन्हा उभे राहायला पंधरा-वीस वर्षे जातात.

गवा उसासाठीच डोंगर उतरतो, हा समज अर्धाच खरा आहे. मार्चपासून सड्यावरचे (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरचे) गवत वाळते, झरे आटतात, आणि जेथे रानमोडी व घाणेरी ही तणे माजली आहेत तेथे चारा उरत नाही. वळवाचा पाऊस वेळेवर झाला तर कोवळे गवत लवकर फुटते आणि कळप वरच थांबतो. तो हुकला, किंवा उन्हाचा ताण लांबला, की कळपाला पाण्यामागे खाली यावेच लागते. हवामान बदलत आहे तसे असे उन्हाळे वाढणार आहेत, हे गृहीत धरूनच आपण शेताची आखणी केली पाहिजे.

उष्णता वाढली की प्राणी आणि वनस्पती थंड, ओलसर जागेकडे सरकतात. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते; पण आपल्या सह्याद्रीचा माथा बहुतेक ठिकाणी 900 ते 1000 मीटरवरच संपतो, म्हणून वर सरकायला जागा थोडी आहे. उरतात दोन दिशा. एक माथ्याच्या कडेने उत्तर-दक्षिण, म्हणजे चांदोली, विशाळगड, गगनबावडा, दाजीपूर, आंबोली, तिलारी अशी. दुसरी ओढ्या-नद्यांच्या काठाने पश्चिम-पूर्व. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळात 500 ते 600. शंभर किलोमीटरच्या आत एवढा फरक असलेल्या जिल्ह्यात दहा-वीस किलोमीटरची मोकळी वाटसुद्धा एखाद्या जिवाला तगवू शकते. पहिली वाट अजून जिवंत आहे याचा पुरावाही आहे. 2022 मध्ये राधानगरीच्या जंगलात कॅमेऱ्याने टिपलेला वाघ 2023 च्या अखेरीस सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात चांदोलीकडे दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो तोच असल्याचे ओळखता आले. दुसरी वाट मात्र आपल्या बांधांवरून जाते, आणि ती आपल्याच हाताने तुटत आहे.

गेल्या मे महिन्यात एका ओढ्यावर पाहणीला गेलो होतो. ओल्या वाळूत गव्यांच्या खुरांचे ठसे उंबरांच्या सावलीतून एकामागे एक सरळ खाली गेले होते. पुढे एका ठिकाणी सुमारे दोनशे फूट झाडी तोडून काठ मोकळा केला होता. नेमके तेथे ठसे ओढा सोडून काठावर चढले, शेजारच्या उसात शिरले, सात-आठ सऱ्या आडव्या करून पलीकडे निघाले आणि झाडी पुन्हा सुरू झाली तेथे परत ओढ्यात उतरले. ज्याने झाडी तोडली त्याचे शेत पलीकडच्या काठाला होते. नुकसान अलीकडच्याचे झाले. आडोसा संपला की गवा दुसरा आडोसा शोधतो, आणि उन्हाळ्यात आपल्या भागात उसाइतका दाट आडोसा दुसरा नाही. झाडी राखली म्हणजे एकही गवा उसाला तोंड लावणार नाही, असे वचन मी देत नाही. पण झाडी तोडल्याने तो येणे थांबत नाही आणि त्याची वाट मात्र आपल्या शेतातून जाऊ लागते, एवढे निश्चित.

आता काय करावे ते सांगतो. ओढ्याच्या दोन्ही काठांना निदान पंधरा ते वीस फुटांचा पट्टा सलग राखावा. सलगपणाला रुंदीपेक्षा जास्त महत्त्व द्यावे. मध्येच तुटलेल्या रुंद पट्ट्यापेक्षा अखंड अरुंद पट्टा जास्त कामाचा असतो. पट्टा आणि ऊस यांच्यामध्ये दहा-पंधरा फूट जागा मोकळी किंवा बुटक्या पिकाखाली ठेवावी. हळद आणि मिरची यांना गव्याचा त्रास तुलनेने कमी होतो. पाण्यालगत वाळुंज, शेरणी आणि निर्गुडी लावावी, ही तिन्ही छाटकलमांवर येतात आणि पुरात काठ धरून ठेवतात. त्यामागे उंबर, करंज, जांभूळ लावावे. जांभळाचे बी वाळले की उगवत नाही, म्हणून ते फळ खाल्ल्याबरोबर पिशवीत लावावे आणि रोप तयार झाल्यावर जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लागण करावी. निलगिरी, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ या पट्ट्यात नकोत. रानमोडी हिवाळ्यात फुलते, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, जमीन मऊ असताना मुळासकट उपटावी.

जेसीबीविषयी वेगळे सांगावे लागेल. ओढा सातबाऱ्यावरच्या जमिनीला लागून असला तरी महसूल कायद्याप्रमाणे तो शासनाचा असतो आणि परवानगीशिवाय त्याचा प्रवाह बदलता येत नाही. शिवाय सरळ केलेल्या ओढ्यातून पाणी वेगाने खाली जाते आणि काठ खचतात. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्याला हे पटायला हरकत नसावी.

प्रश्न (राधानगरी, त्याच गावातील दुसरे शेतकरी) : एवढ्याशा पट्ट्याने जंगल थोडेच जोडले जाणार?

उत्तर : जून लागला की चढणीचे मासे धरायला आपण ओढ्यावर जातो. वितभर पाण्याच्या धारेतून ते शेतापर्यंत चढून येतात, अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले पाण्याबरोबर नदीला परत जातात. तीच धार एखाद्या उंच काँक्रीटच्या भिंतीने अडली की वरच्या ओढ्यात मासा उरत नाही. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढले जातात, त्यामुळे पुराला आणि माशांना वाट मिळते. ही मूळ रचना फार शहाणपणाची आहे. बेडूक, खेकडे, मुंगूस, शेकरू यांचेही असेच असते: त्यांना वाट अरुंद चालते, तुटलेली चालत नाही. आजरा-गडहिंग्लजला पाणी देणारी हिरण्यकेशी जेथे उगम पावते त्या आंबोलीच्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. एवढ्याशा पाण्यातही एक अख्खी जात तगून असते, हे त्यावरून लक्षात यावे.

प्रश्न (चंदगड) : आमचे सहा एकर मालकी रान आहे. ते तोडून काजू लावायचा आहे. येथे संवर्धन राखीव क्षेत्र झाल्याने जमीन जाईल, असेही लोक सांगतात.

उत्तर : चंदगड संवर्धन राखीव क्षेत्र 2021 मध्ये घोषित झाले आहे. कायद्याने असे क्षेत्र शासनाच्या मालकीच्या जमिनीवरच घोषित होते, त्यामुळे आपली मालकी जात नाही. मात्र मालकी रानातील झाडे तोडण्यालाही परवानगी लागते, हे विसरू नये. काजू जरूर लावावा, पण रान सरसकट उघडे करून नको. ओढ्याचा काठ, उताराचा माथा आणि जुनी ढोलीची झाडे सोडून उरलेल्या विरळ जागेत कलमे बसवावीत. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालते आणि रानफळांच्या बिया हाच पक्षी डोंगरभर पसरवतो. काजूला फळ धरते ते माश्या, मधमाश्या यांच्यामुळे, आणि त्यांचा मुक्काम याच राखलेल्या रानात असतो. आपल्याकडे हत्तीचा वावर आहे, म्हणून बांबू घराजवळ किंवा खळ्याजवळ लावू नये. रानात मोकळा सडा असेल तर तेथे झाडे लावण्याचा किंवा नांगर घालण्याचा मोह टाळावा. सड्यावरची फुले आणि डबक्यांतील बेडूक आधीच माथ्यावर आहेत, त्यांना आणखी वर जायला जागा नाही.

प्रश्न (शाहूवाडी) : कुंपण घातले तर चालेल का?

उत्तर : शेताभोवती सौर कुंपण घालावे, त्यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, वनविभागाकडे चौकशी करावी. कुंपण ओढ्यात आडवे घेऊ नये. थेट विजेच्या खांबावरून तारेत प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात जनावरांइतकीच माणसेही दगावतात. सौर कुंपणातला झटका क्षणभराचा असतो, थेट जोडलेली तार माणसाला सोडत नाही. शेतात बिनकठड्याची विहीर असेल तर कुंपणाआधी तिला कठडा बांधावा, कारण रात्री वाट चुकलेले गवे अशा विहिरीत पडतात. गवत चांगले येते म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवण्याची प्रथा आपल्याकडे आहे, ती कळकळीने सोडायला सांगतो. वणव्याने एका रात्रीत वाट तुटते आणि कळप दुसऱ्या सकाळी शिवारात असतो.

प्रश्न (हातकणंगले) : आमच्याकडे जंगलच नाही. हे आम्हालाही लागू आहे का?

उत्तर : गव्यांसाठी नाही. डिसेंबर 2021 मध्ये गवा कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. सपाटीवरच्या दाट वस्तीत मोठ्या जनावराला वाट करून देणे कोणाच्याच हिताचे नाही. आपल्याकडे बांधावर आणि पाणंदीच्या कडेला करंज, निर्गुडी, बोर एवढे राखले तरी घुबड, मुंगूस आणि मधमाश्या टिकतील, आणि उंदरांचा बंदोबस्त त्यांच्याकडून होईल.

राधानगरीच्या शेतकऱ्यांना एक विनंती. जेसीबी येण्याआधी ओढ्याच्या दोन्ही काठांच्या खातेदारांनी एकदा एकत्र बसावे, आपापल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) आणि वनरक्षकाला बोलवावे, आणि या उन्हाळ्यात गवे कोणत्या तारखेला, कोठे ओढ्यातून वर चढले ते सांगावे. त्या जागा कळल्या की पट्टा नेमका कोठे तुटला आहे हे तेथेच दाखवता येईल, आणि लागणीची सुरुवात तेथूनच करावी.