व्हॉट्सॲप ग्रुपचा क्यूआर ४० ठिकाणी लावायचा आहे. कुठल्या पोस्टरवरून किती लोक आले, हे कसं कळेल?

तुम्ही विचारलंय त्याचा गोषवारा असा: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात केळी उत्पादकांचा ग्रुप आहे. कृषी सेवा केंद्रं, स्टँडसमोरच्या टपऱ्या, आठवडे बाजार अशा चाळीसेक जागी क्यूआर लावायचे आहेत आणि पैसे कुठे कामाला आले, कुठे वाया गेले, ते मोजायचंय.

मुळात व्हॉट्सॲप हे तुम्हाला सांगणारच नाही. ग्रुपची इनव्हाइट लिंक एका वेळी एकच असते. नवा माणूस लिंकवरून आला एवढंच दिसतं, कुठल्या पोस्टरवरून ते नाही. काही जण त्या लिंकच्या शेपटीला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडून चाळीस वेगळे क्यूआर बनवतात. त्याचा उपयोग शून्य. यूटीएम वाचतं ते तुमच्या स्वतःच्या वेबपेजवरचं ॲनालिटिक्स, आणि ग्रुपची लिंक तर सरळ ॲप उघडते. शिवाय एखाद्या ॲडमिनने चुकून ‘रिसेट लिंक’ दाबलं, की छापलेले चाळीसही कोड मेले.

म्हणून छापायची ती स्वतःची छोटी लिंक, आणि प्रत्येक जागेला वेगळी. आर०७ (R07) म्हणजे रावेरची सातवी जागा, सी१२ (C12) म्हणजे चोपड्याची बारावी. ती लिंक पुढे कुठे पाठवायची ते तुमच्या हातात. ग्रुप १०२४ सदस्यांवर भरला, तर मागचं ठिकाण बदलून दुसऱ्या ग्रुपकडे वळवा; पोस्टरला हात लावायची गरज नाही. स्वतःचं डॉट इन डोमेन (वेबपत्ता) घ्या आणि ते जोडू देणारी लिंक सेवा वापरा, किंवा साध्या पीएचपी होस्टिंगवर (भाड्याच्या वेबसर्व्हरवर) योर्ल्स (YOURLS) हे छोट्या लिंक बनवणारं मोफत सॉफ्टवेअर बसवा. फुकट ‘डायनॅमिक क्यूआर’ देणाऱ्या साइटवर भरवसा ठेवू नका. ट्रायल संपली की कोड बंद करून पैसे मागणाऱ्या अशा सेवा बऱ्याच आहेत, आणि तोवर तुमचे फ्लेक्स टांगलेले असतात. मोठ्या कंपनीचीही खात्री नसते: गूगलने फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. डोमेन स्वतःचं असेल तर सेवा बदलता येते, छपाई वाया जात नाही.

रिडायरेक्ट, म्हणजे छोट्या लिंकवरून पुढे पाठवणं, ३०२ (तात्पुरत्या) प्रकारचा ठेवा, ३०१ नको. ३०१ म्हणजे ‘कायमचं हलवलं’, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मग त्याच फोनवरून दुसऱ्यांदा केलेला स्कॅन मोजला जाईलच असं नाही, आणि तुम्ही लिंक वळवलीत तरी तो फोन जुन्याच ठिकाणी जाऊ शकतो. योर्ल्समध्ये मुळात ३०१ असतो, तो बदलून घ्यावा लागतो.

इथवर मोजले गेले ते फक्त स्कॅन. स्कॅन करणारा ग्रुपात आला का, हे अजून कळलेलं नाही, आणि खरी मेख इथेच आहे. त्यावर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग कोडशब्दाचा. छोटी लिंक ग्रुपवर न नेता तुमच्या व्हॉट्सॲप बिझनेस नंबरच्या ‘डब्ल्यूए डॉट एमई’ लिंकवर न्या आणि मजकुराच्या जागी तो कोड आधीच भरून ठेवा. माणूस स्कॅन करतो, चॅट उघडते, ‘R07’ लिहिलेलंच असतं, त्याने फक्त पाठवायचं. बिझनेस ॲपमधला ग्रीटिंग मेसेज चालू करून त्यात ग्रुपची लिंक टाका, म्हणजे उत्तर आपोआप जातं. कुठल्या नंबरने कुठून मेसेज केला, ते चॅटमध्ये कोड शोधला की दिसतं. चॅटवर लावायची लेबलं या ॲपमध्ये २० च बनतात, त्यामुळे जागेला नाही, तालुक्याला एक लेबल ठेवा.

यात दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे ग्रीटिंग मेसेज फक्त पहिल्यांदा संपर्क करणाऱ्याला, किंवा १४ दिवस बोलणं झालेलं नसेल त्यालाच जातो. तुम्ही स्वतःच्याच फोनवरून दुसऱ्यांदा तपासलंत तर उत्तर येणार नाही आणि सगळं बिघडलं असं वाटेल. दर वेळी वेगळ्या नंबरच्या फोनवरून तपासा. दुसरं, कोडशब्द इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये नऊ अक्षरं खातं. ‘रावेर’ची काना-मात्रा धरून पाच चिन्हं, म्हणजे ४५ अक्षरं. छोटी लिंक न वापरता थेट ही लिंक छापलीत, तर क्यूआर गच्च होतो आणि जुन्या फोनला वाचता येत नाही.

टेलिग्राम चालणार असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. तिथे ॲडमिनला हव्या तितक्या इनव्हाइट लिंक नाव देऊन बनवता येतात, आणि कुठल्या लिंकवरून कोण आलं ते तिथेच दिसतं. पण शेतकरी व्हॉट्सॲपवर असतील तर मोजणी सोपी व्हावी म्हणून त्यांना हलवायला जाऊ नका.

आता क्यूआरचा आकार. वाचायच्या अंतराचा दहावा भाग हा ढोबळ हिशेब. काउंटरवर ३० सेंमीवरून स्कॅन होणार असेल तर ३ सेंमी, टपरीच्या भिंतीवर दीड मीटरवरून असेल तर १५ सेंमी. चारही बाजूंनी कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी पांढरी जागा सोडायलाच हवी. डिझायनर नेमकी तिथेच किनार ओढतात. चौकटी जितक्या कमी तितका कोड सुटसुटीत. ग्रुपची मूळ लिंक ४८ अक्षरांची, तिला मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) ३३ बाय ३३ चा कोड लागतो. तुमचं डोमेन शेवटच्या डॉट इनसकट आठ अक्षरांचं असेल आणि सगळी लिंक मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहिली, तर एचटीटीपीएसपासून जागेच्या कोडपर्यंत २० अक्षरं होतात आणि ती सगळ्यात लहान, २१ बाय २१ च्या कोडात बरोबर मावतात. मोठ्या लिपीसाठी क्यूआरमध्ये वेगळी, कमी जागेची पद्धत आहे, म्हणून हे जमतं. मात्र तुमची लिंक सेवा लहान-मोठ्या लिपीत भेद करते का, ते आधी तपासा. मध्ये लोगो घालायचा मोह टाळा. त्यासाठी ३० टक्क्यांची सर्वोच्च दुरुस्ती-पातळी घ्यावी लागते आणि कोड पुन्हा फुगतो. काळ्यावर पांढरा असा उलटा कोडही नको.

छपाईत होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे डिझायनर कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये एक पोस्टर करतो, कॉपी मारतो, गावाचं नाव बदलतो आणि क्यूआर बदलायला विसरतो. मग चाळीस पोस्टरवर एकच आर०१. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक क्यूआरखाली त्याचा कोड बारीक अक्षरांत छापायचा आणि मशीनवर जाण्याआधी स्क्रीनवरच एकेक स्कॅन करायचा. क्यूआरची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबली जाऊन कडा पुसट होतात; पीडीएफ किंवा एसव्हीजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आपल्याकडच्या उन्हात लाल-पिवळी शाई लवकर उडते, काळी टिकते. चकचकीत लॅमिनेशनवर दुपारी नुसता उजेड दिसतो, मॅट घ्या. सैल टांगलेला फ्लेक्स वाऱ्याने फुगला की चौकोन वाकडा होतो, त्यापेक्षा सनपॅकवर (कडक प्लास्टिक शीटवर) चिकटवलेलं बरं. आणि दिसेल त्या भिंतीवर चिकटवत सुटू नका. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. दुकानाच्या आतल्या जागेला मालकाचा होकार पुरतो, आणि कोड तिथे टिकतोही जास्त.

क्यूआर म्हटलं की लोक पैसे द्यायचं ॲप उघडतात. त्यात तुमचा कोड स्कॅन केला की बहुतेक वेळा ‘अवैध क्यूआर’ येतं आणि माणूस पुढे जातो. म्हणून ठळक लिहा: ‘पैशांचा क्यूआर नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने किंवा गूगल लेन्सने स्कॅन करा.’ खाली एक ओळ: ‘किंवा या नंबरवर R07 असा मेसेज पाठवा.’ जुन्या फोनवाल्यांची सोय होते आणि त्यांची मोजणीही सुटत नाही.

स्कॅन का करायचा, हे पोस्टरवर क्यूआरपेक्षा मोठं दिसलं पाहिजे. ‘आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा’ याला कोणी थांबत नाही. ‘केळीचा आजचा भाव, रोज सकाळी’ याला थांबतात, अर्थात तुम्ही तो रोज टाकणार असाल तर. शिरपूर-अमळनेरकडे ‘आजना केळीना भाव’ अशी अहिराणी ओळ करून बघा. रावेर-यावलला मात्र लेवा बोली, तिथे अहिराणी ओळ परकी वाटेल. दोन ओळींची तुलना करायची तर त्याच गावात, सारख्या दुकानांत, दोन वेगळ्या कोडांनी करा.

आकडे वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. लिंक सेवेच्या रिपोर्टातलं ‘शहर’ सोडून द्या. ते आयपीवरून (फोनच्या इंटरनेट पत्त्यावरून) काढतात, आणि मोबाइल नेटवर यावलच्या शेतातून केलेला स्कॅन सहज मुंबईच्या खात्यात पडतो. जागा सांगतो तो तुमचा कोडच. कोणी तुमची छोटी लिंक चॅटमध्ये पेस्ट केली की प्रीव्ह्यूसाठी होणारी विचारणाही क्लिक म्हणून मोजली जाऊ शकते. एखाद्या कोडवर रात्री दोनला एकदम वीस स्कॅन दिसले तर ते शेतकरी नव्हेत. तपासणीचे तुमचे स्कॅन लिहून ठेवा आणि वजा करा. ग्रीटिंगमधली ग्रुप लिंक लोक पुढे पाठवणारच. त्यामुळे एकूण नवे सदस्य उणे कोडशब्दाचे मेसेज, म्हणजे ढोबळमानाने तोंडोतोंडी आलेले. हा आकडा पोस्टरपेक्षा मोठा निघाला तर नवल नाही, आणि मग पोस्टरवरचा खर्च कमी करायला हरकत नाही.

एका शीटमध्ये कोड, गाव, जागा, लावल्याची तारीख, खर्च, स्कॅन, मेसेज, आणि ३० दिवसांनी ग्रुपात उरलेले एवढे रकाने पुरेत. खर्च भागिले उरलेले सदस्य, याच हिशेबाने जागा तोला. स्कॅन भरपूर आणि मेसेज कमी असतील तर पोस्टरवरचं आश्वासन कळलं नाही किंवा चॅट उघडताना घोळ होतोय. मेसेज येतात पण लोक टिकत नाहीत, तर दोष ग्रुपमधल्या शुभ-सकाळ फोटोंचा, क्यूआरचा नव्हे. पाच स्कॅन विरुद्ध आठ स्कॅन यावरून काही ठरवू नका. बाजाराचे निदान चार वार जाऊ द्या.

छापील कोड उघड्यावर असतो, तेव्हा ‘नवीन सदस्यांना मंजुरी’ ही सेटिंग चालूच ठेवा, नाहीतर कर्ज आणि जुगाराच्या जाहिराती घुसतात. मंजुरी सकाळ-संध्याकाळ द्या. दोन दिवस लटकलेला माणूस विसरून जातो. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे ग्रीटिंगमध्येच सांगा. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल ठेवा, तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. कोडशब्दामुळे जमलेली नंबरांची यादी खत-औषध कंपन्यांना देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि असली गोष्ट तालुक्यात लपत नाही.

महिन्यातून एकदा कोणीतरी सगळ्या जागांवर फिरून प्रत्येक कोड स्कॅन करावा. वरून दुसरा स्टिकर चिकटवून लोकांना भलतीकडे नेणारे असतात, आणि आर०७ च्या रकान्यात अचानक शून्य आलं तर त्याचं कारण बऱ्याचदा तेच, नाहीतर दुकानदाराने पुढे रचलेली पोती.