भरलेलं जहाज थांबत का नाही: स्पेस इंजिनियर्समधलं पहिलं मायनिंग जहाज

स्पेस इंजिनियर्स या अंतराळात जहाजं बांधायच्या व्हिडिओ गेममधली तुमची अडचण मला समजली ती अशी. लघुग्रहावर स्टेशन उभारलंत आणि त्याच्या हँगरमध्ये स्मॉल ग्रिडचं, म्हणजे लहान आकाराच्या ब्लॉकचं, खनिज खोदणारं मायनिंग जहाज बांधलंत. मागे दोन मोठे आयन थ्रस्टर (जहाज ढकलणारी, विजेवर चालणारी इंजिनं), पुढे ब्रेकसाठी दोन छोटे, उरलेल्या चार दिशांना एकेक छोटा. पोटात एक लार्ज कार्गो कंटेनर, एक बॅटरी, रिकामं वजन २० टनांच्या आसपास. माल भरून परत येताना स्टेशनपासून दोन किलोमीटरवर पुढे जायचं डब्ल्यू बटण सोडलंत, आपोआप वेग मारणारे डॅम्पनर चालू होते, तरी जहाज हँगरच्या भिंतीत घुसलं. शिवाय कधीकधी ते स्टेशनवरून सुटतच नाही. आणि कुणीतरी सल्ला दिलाय की जायरो वाढवा.

जायरोचं आधी डोक्यातून काढा. जायरो जहाज वळवतो, थांबवत नाही. दहा लावलेत तर भिंतीवर आपटण्याआधी तुम्ही फार चपळाईने तोंड फिरवाल, एवढंच.

हा बगही नाही. डॅम्पनर म्हणजे वेगळा ब्रेक नव्हे. तुम्ही ज्या दिशेने जाताय तिच्या उलट ढकलणारे जे थ्रस्टर जहाजावर आहेत, तेच तो आपणहून पेटवतो. ते थ्रस्टर अशक्त असतील तर डॅम्पनर तरी काय करणार? रिकामी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर एकाच ब्रेकने थांबवायचा म्हटलं तर जे होईल, तेच तुमचं झालंय.

आता आकडे बघू. स्मॉल ग्रिडवर छोटा आयन १४.४ किलोन्यूटन ढकलतो आणि मोठा १७२.८. बारापट फरक आहे हा, आणि नवीन माणसाचा घात इथेच होतो, कारण छोटा थ्रस्टर दिसायला मोठ्याच्या बाराव्या भागाइतका लहान वाटत नाही. तुमचा पुढचा ब्रेक म्हणजे दोन छोटे, २८.८ किलोन्यूटन. मागचा जोर ३४५.६.

वजनाचं काय? स्मॉल ग्रिडच्या लार्ज कंटेनरमध्ये १५,६२५ लिटर मावतं. कच्चं खनिज किलोमागे ०.३७ लिटर जागा घेतं. गेमच्या सेटिंगमध्ये इन्व्हेंटरी (किती माल मावतो ते) रिॲलिस्टिकवर असेल तर काठोकाठ भरलेल्या कंटेनरमध्ये ४२ टन खनिज बसतं. ड्रिलमध्ये अडकलेलं वेगळंच. म्हणजे जाताना २० टनांचं असलेलं जहाज येताना ६२ टनांचं.

बळ भागिले वस्तुमान, शाळेतलंच गणित. रिकामं असताना ब्रेक दर सेकंदाला वेग साधारण १.४४ मीटर प्रति सेकंदाने कमी करतो. पूर्ण १०० मीटर प्रति सेकंद वेगावरून थांबायला सुमारे साडेतीन किलोमीटर लागतील. भरलेलं असताना हाच आकडा ०.४६ वर येतो आणि थांबायला लागतात पावणेअकरा किलोमीटर, साडेतीन मिनिटांहून जास्त. तुम्ही दोन किलोमीटर दिलेत. रिकाम्या जहाजालाही ते पुरले नसते. आजवर वाचलात, कारण रिकामं असताना तुम्ही स्टेशनच्या आसपास पूर्ण वेग घेतच नसणार.

यात आणखी एक पेच आहे. मागचे दोन मोठे आयन रिकाम्या जहाजाला साधारण सात सेकंदांत १०० वर नेतात. जहाज इतकं झटकन पळतं की ते तितक्याच झटकन थांबेल असं हाताला वाटायला लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की बांधायला घेताना मागच्या थ्रस्टरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी भरलेलं वजन काढा, मग ब्रेक, मग बाजू, आणि पुढे पळायला जे उरेल ते. तुम्ही, आणि जवळपास सगळेच, याच्या बरोबर उलट क्रमाने बांधतात, कारण मागे दोन निळ्या ज्वाळा असल्या की जहाज जहाजासारखं दिसतं.

तुमच्यापुरता बदल असा. पुढच्या दिशेला दोन मोठे आयन बसवा. नळकांड्याचं तोंड जिकडे, त्याच्या उलट धक्का, तेव्हा ब्रेकच्या थ्रस्टरची तोंडं पुढे, ड्रिलच्या दिशेला हवीत. पण ड्रिलच्या थेट मागे नकोत. ज्वाळेच्या वाटेत आलेले ब्लॉक जळतात, मग ते स्वतःच्याच जहाजाचे का असेनात. दोन्ही कुशींना बाहेर काढून बसवा, म्हणजे ज्वाळा ड्रिलच्या शेजारून मोकळी जाईल. या गेममध्ये थ्रस्टर मध्यापासून कितीही बाजूला असला तरी जहाज त्याने कलंडत नाही. कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, पण इथे ही सवलत आहे, बिनधास्त वापरा. वीज पुरेशी असली तर दोन मोठ्यांनी ६२ टन १०० वरून ९०० मीटरमध्ये थांबतील. प्लॅटिनम कमी पडत असेल तर एकच बसवा, मग १८०० मीटर धरा. एकाच्या ब्रेकवरही वेग ३० ठेवलात तर १६० मीटर पुरतात. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे वेगमर्यादा ३०० करणारा मॉड टाकायचा मोह झाला तर सगळी अंतरं नऊपट करून बघा आणि मग ठरवा.

बाजूंच्या एकेका छोट्याचंही काही खरं नाही. जहाजाचं तोंड वळवलं तरी आधीचा वेग तसाच राहतो, तो आता बाजूचा वेग होतो, आणि तो मारायचं काम त्या एकट्या १४.४ किलोन्यूटनवर येतं. भरलेल्या जहाजाचा फक्त २० मीटर प्रति सेकंदाचा आडवा वेग मारायला त्याला जवळपास दीड मिनिट लागेल. गोदीजवळ जहाज बर्फावरून घसरल्यासारखं वाटतं ते यामुळेच. प्रत्येक बाजूला निदान चार छोटे लावा.

आणि हे सगळं होईपर्यंत आजच्याच जहाजाने माल आणायचा असेल तर एक युक्ती आहे. अर्ध्या वाटेच्या जरा आधी जहाज पूर्ण उलटं फिरवा, पाठ स्टेशनकडे, आणि डब्ल्यू दाबून मागच्या मोठ्या इंजिनांनी वेग मारा. यात फसवेगिरी काही नाही, सोयूझही कक्षेतून उतरताना इंजिन प्रवासाच्या दिशेला करूनच वेग कमी करतं. तुमचं भरलेलं जहाज अशा रीतीने एका बॅटरीवरही अकराशे मीटरच्या आसपास थांबेल. फक्त मागे बघणारा कॅमेरा लावा, आणि ती ज्वाळा स्टेशनच्या भिंतीवर धरू नका.

गोदीत शिरताना शेवटच्या पन्नास मीटरमध्ये घाई नको. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत, जानेवारी २०२५ मध्ये, दोन उपग्रह जोडले तेव्हा १५ मीटरवर थांबून मग ३ मीटरपर्यंत आणले होते. तुम्हीही कनेक्टरसमोर (जहाज स्टेशनला जोडणारा ब्लॉक) एकदा पूर्ण थांबा, मग टिचकी मारल्यासारखं पुढे सरका. कनेक्टरचा दिवा पिवळा झाला की पी दाबा, हिरवा झाला की जोडलं.

आता ते कधीकधी न सुटणारं जहाज. जहाज चुकून स्टेशनचाच भाग राहिलं असतं, म्हणजे एखादा ब्लॉक दोघांना जोडत असता, तर ते कधीच सुटलं नसतं. अधूनमधून होतंय म्हणजे संशय बॅटरीवर. गोदीत असताना तुम्ही ती रिचार्जवर टाकता ना? निघताना ऑटोवर आणायची राहिली की कनेक्टर सुटताक्षणी जहाजाची वीज जाते, कारण रिचार्जवरची बॅटरी वीज घेते, देत नाही. बॅटरी ऑटोवर असूनही हलत नसेल तर लँडिंग गियरचं, म्हणजे पृष्ठभागाला धरून ठेवणाऱ्या पायांचं, कुलूप बघा.

तसंही एक बॅटरी कमीच पडतेय. स्मॉल ग्रिडची मोठी बॅटरी जास्तीत जास्त ४ मेगावॅट देते, आणि मोठा आयन एकटा २.४ मेगावॅट ओढतो. मागचे दोन पूर्ण जोरात म्हणजे ४.८. आजही ते पूर्ण क्षमतेने चालत नाहीयेत. दोन बॅटऱ्या करा, आणि गोदीत त्यातली एकच रिचार्जवर टाका, दुसरी कायम ऑटोवर. मग विसरलात तरी अंधार होणार नाही. स्मॉल ग्रिडचा छोटा रिॲक्टर अर्धाच मेगावॅट देतो. वाटेत बॅटऱ्या भरत ठेवायला तो ठीक, त्याच्या जिवावर आयन चालवायला नाही.

नवीन रचना थेट सर्व्हायव्हलमध्ये, जिथे सामान गोळा करून बांधावं लागतं, वेल्ड करत बसू नका. कंट्रोल बी ने ब्लूप्रिंट (जहाजाचा आराखडा) घ्या, क्रिएटिव्हच्या, म्हणजे सामान फुकट मिळतं त्या, रिकाम्या जगात ठेवा, शिफ्ट एफ१० मधून कंटेनर खनिजाने गच्च भरा आणि मग उडवा. रिकाम्या जहाजाची चाचणी घेण्यात काही अर्थ नाही, रिकामं सगळ्यांचंच उडतं.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की हेच जहाज पृथ्वीसारख्या ग्रहावर नेता येईल का. नाही. दाट हवेत आयनचा जोर पाचव्या हिश्शावर येतो. ६२ टन १ जीमध्ये (पृथ्वीइतक्या गुरुत्वात) नुसते तरंगत ठेवायला सुमारे ६०८ किलोन्यूटन लागतात, म्हणजे खाली तोंड केलेले अठरा मोठे आयन. तितक्याच कामाला स्मॉल ग्रिडचे दोन मोठे हायड्रोजन थ्रस्टर पुरतात, ते ४८० चे असतात. गेममधल्या चंद्रावर मात्र जमेल. तिथे हवा नाही आणि गुरुत्व पाव जी, १५२ किलोन्यूटनचं काम. खाली तोंड केलेला एक मोठा आयन हे जेमतेम पेलतो, पण उतरताना वेगही मारायचा असतो, तेव्हा दोन लावा. हायड्रोजनकडे वळलात तर टँकचं स्टॉकपाइल निघण्यापूर्वी बंद आहे ना ते बघा. ते चालू असलं की टँक गॅस घेतो पण सोडत नाही, आणि हे नेमकं लक्षात येतं ते काठोकाठ भरलेल्या टँकसह खाली कोसळताना.