फेरेटची साखर 64 आणि पॉलिसीचा चौथा हप्ता

गुहागर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र, थोडं कापून:

‘मुलीने मुंबईत पाळलेला फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी), ती शिकायला जर्मनीला गेल्यापासून आमच्याकडे आहे. वय 5 वर्षं. गेले 3 आठवडे मागच्या पायांत जोर नाही, मध्येच एकटक बघत बसतो, लाळ गळते. इथल्या डॉक्टरांनी रक्त काढून सकाळच्या एसटीने चिपळूणच्या लॅबला पाठवलं. दुपारी तपासणी झाली, साखर 64. स्वादुपिंडात गाठ आहे, मुंबईला ऑपरेशन करा म्हणाले. खर्च 80 हजार. मला निदान पटत नाही, पण मुलगी फोनवर रडते. बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडली तर 1 लाख 5 हजार येतात. मोडू का? तिचा हप्ता तसाही आंब्याच्या पीककर्जातून भरतो, त्यामुळे घरखर्चावर ताण येत नाही.’

आधी फेरेट, कारण त्याला थांबता येणार नाही. मी पशुवैद्य नाही. पण 80 हजारांचा खर्च कशाच्या जोरावर सांगितलाय, एवढं मला बघता येतं, आणि तो एका आकड्याच्या जोरावर सांगितलाय. इन्शुलिन सोडणारी गाठ, म्हणजे इन्शुलिनोमा, 3 वर्षांपुढच्या फेरेटमध्ये खरंच बऱ्याचदा आढळते आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं तिच्याशी जुळतात. तेव्हा डॉक्टर वाटेल ते बोललेत असं समजू नका. मात्र मागचे पाय ढिले पडायला हृदयापासून मणक्यापर्यंत दुसरीही कारणं असतात. शिवाय ती एसटी. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं की त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला 5-7 टक्के उतरते, उकाड्यात जास्तच. 4 तासांनी आलेला 64 सकाळी 80च्या घरात असू शकतो. 70च्या खाली संशय धरतात, म्हणजे सगळा फरक इथेच पडला.

या आठवड्यातच पुन्हा तपासा. 3-4 तास उपाशी ठेवून, त्याहून जास्त नाही. प्राण्यालाच चिपळूणला न्या, नाहीतर रक्त राखाडी बुचाच्या फ्लोराइड नळीत पाठवा. घरातल्या मधुमेहाच्या मशीनवर विसंबू नका, फेरेटच्या रक्तात ती साखर कमी दाखवते. खर्च काही शे रुपये. आकडा पुन्हा खाली आला, तर मुंबईत ससे-फेरेट बघणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि आधी गोळ्यांवर भागेल का ते विचारा. ऑपरेशननंतरही या गाठी पुन्हा येतात आणि फेरेटचं आयुष्य साधारण 6 ते 8 वर्षांचं. मी 25 हजारांवर रेघ मारली असती, आणि त्यातले निम्मे मुलीकडून घेतले असते. ती तिथे पार्ट-टाइम कमावते असं तुम्हीच लिहिलंय.

आता तुम्ही न विचारलेलं. ‘घरखर्चावर ताण येत नाही’ हे वाक्य मला फेरेटच्या साखरेपेक्षा गंभीर वाटतं.

पॉलिसीचे कागद पाहिले. मार्च 2023, म्हणजे बँकेच्या टार्गेटचा महिना. पीककर्ज मंजूर झालं त्याच टेबलावर ‘एफडीसारखंच आहे, जवळजवळ दुप्पट होतात’ असं सांगून सही घेतली. प्रत्यक्षात काय, तर वर्षाला 1 लाख, 10 वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर 17 लाख. ऐकायला छान. हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के. हेच हप्ते आजच्या 7.1 टक्क्यांनी पीपीएफमध्ये गेले असते तर 21 लाखांच्या आसपास झाले असते.

आणि हे 5 टक्के मिळवायला पैसे आणता कुठून? पीककर्जातून. वेळेत फेडलं तर ते 4 टक्क्यांनी पडतं, म्हणून तुम्हाला फुकट वाटलं. पण गेल्या हंगामात मोहोर गळला, कर्ज थकलं, सवलत गेली. तुमच्या कर्जखात्याच्या उताऱ्यावर आता अडीच लाखांवर 11.5 टक्के लागलेत: वर्षाला 29 हजार, 10च्या जागी. खत-फवारणीसाठीचं कर्ज काढून विमा कंपनीला द्यायचं आणि वर व्याज भरायचं, याला बचत म्हणत नाहीत. यंदा मोहोर चांगला येईल आणि सगळं फिटेल, असंही तुम्ही लिहिलंय. हापूसच्या भरवशावर हिशेब मांडायचा नसतो हे मी गुहागरच्या माणसाला काय सांगायचं?

मग मोडायची का? मोडायची, पण आज नाही. तिसऱ्या पॉलिसीवर्षात मोडलीत तर भरलेल्या 3 लाखांचे किमान 35 टक्के मिळतात, तेच तुमचे 1 लाख 5 हजार. चौथं वर्ष लागलं की किमान 50 टक्के, म्हणजे दीड लाख. दोन-तीन महिने थांबायचे 45 हजार. कंपनीकडून दोन्ही तारखांचे आकडे लेखी मागवा. चौथा हप्ता न भरता पॉलिसी पेड-अप ठेवण्याचीही, म्हणजे हप्ते बंद करून मुदतीअखेर कमी रक्कम घेण्याचीही, सोय असते, आणि डोक्यावर कर्ज नसतं तर मी तेच सुचवलं असतं. पण 11.5 टक्क्यांचं कर्ज असताना दीड लाख थेट त्यात घाला. उरलेलं लाखभर आंब्याच्या पैशांतून फेडा, पुन्हा 4 टक्क्यांत या.

दीड लाख बुडाले, हे आहेच. तक्रार करायची असेल तर हत्यार तुमच्याच फायलीत आहे: प्रपोजल फॉर्मवर तुमचं उत्पन्न दुसऱ्याच अक्षरात 8 लाख लिहिलंय, तुम्ही 3 सांगता. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. फार आशा मात्र धरू नका. ‘मग पुढचे 2 हप्ते का भरलेत?’ हे पहिलं विचारतील, आणि त्याचं चांगलं उत्तर तुमच्यापाशी नाही. डॉक्टरांच्या एका रिपोर्टवर शंका घेतलीत तशी त्या दिवशी टेबलावर घ्यायला हवी होती.

तुम्हा दोघांचा आरोग्य विमा नाही, हे पत्रात एका ओळीत उरकलंय. महात्मा फुले योजनेचं 5 लाखांचं कवच ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालतं. सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. कर्ज खाली आलं की पहिला पैसा तिकडे. वहिनींचा रक्तदाब फॉर्मवर लपवू नका. आधीच्या आजाराला आता जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं.

आणि पॉलिसीचा चौथा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, हे विसरू नका. ऑटो डेबिट बंद करण्याचं पत्र फेब्रुवारीतच बँकेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. साहेब ‘एकदा बसून बोलू’ म्हणाले, तर बसू नका.