चित्रीकरणात वापरतात त्या क्लॅपवर (वर दोन पट्ट्या जोडलेल्या पाटीवर) लिहिलेलं सीन, शॉट, टेक म्हणजे नेमकं काय? आणि तो वाजवतात कशासाठी?

सीन म्हणजे पटकथेतला एका जागी, एका वेळी घडणारा प्रसंग. तो चित्रित करताना कॅमेऱ्याची जागा, लेन्स किंवा चौकट बदलली की नवा शॉट. तोच शॉट पुन्हा घेतला की टेकचा आकडा वाढतो. म्हणजे 'सीन 24, शॉट 3, टेक 2'. अमेरिकेत शॉटला आकड्याऐवजी अक्षर देतात, 24ए, 24बी असं. त्यात आय आणि ओ वगळतात, कारण घाईत ते 1 आणि 0 वाटतात.

चित्र आणि आवाज सहसा वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड होतात. पट्ट्या जिथे टेकतात ती फ्रेम आणि 'टक्' हा आवाज संकलक जुळवतो. सेकंदाला 24 फ्रेम असतात, त्यामुळे दोन-तीन फ्रेम चुकल्या तरी ओठ आणि शब्द फटकून दिसतात. म्हणून क्रम पाळायचाच: आधी साउंड रोल (आवाजाचं यंत्र सुरू), मग कॅमेरा रोल (कॅमेरा सुरू), आकडे मोठ्याने वाचायचे, क्लॅप, मग अॅक्शन.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कॅमेरा सुरू व्हायच्या आत क्लॅप देणं, किंवा पट्ट्या चौकटीबाहेर ठेवणं. क्लोजअपमध्ये पाटी चेहऱ्याजवळ धरा, पण हळू वाजवा, समोर नट भूमिकेत शिरलेला असतो.

सुरुवातीला क्लॅप राहिलाच, तर 'कट' म्हणण्याआधी पाटी उलटी धरून द्यायचा. त्याला एंड बोर्ड म्हणतात. आवाजाशिवायच्या शॉटला पट्ट्या वाजवायच्याच नाहीत, उघड्या पट्ट्यांमध्ये बोटं धरायची.